तालुक्याच्या दुकानातून गाडीचे पार्ट घेता? मंग या चुका टाळा

“भाऊ, स्प्लेंडरची चेन किट द्या.” (चेन किट म्हणजे चेन आणि तिची दोन दातेरी चाकं.) दारव्हा असो, मेहकर असो नाहीतर ब्रह्मपुरी, तालुक्याच्या कोणत्याही पार्टच्या दुकानावर दिवसभर हेच ऐकू येते, आणि अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात. स्प्लेंडर म्हणजे कोणती? हिरो होंडाच्या टाइमची, बीएस-४ (गाडीच्या धुराचा सरकारी नियम) वाली, का कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं ती बीएस-६ वाली? काउंटरवरचा पोरगा गर्दीत हाताला लागलं ते पाकीट देते, आपण ते घेऊन गावाला जातो, मेस्त्री गाडी खोलते आणि मंग समजते का पार्ट बसतच नाही. दुसऱ्या दिवशी परत नेला तर दुकानदार म्हणते पाकीट फोडलं, ऑइलचे डाग लागले, आता होत नाही वापस. आणि गाडी खोलून पडली आहे, तेही ऐन सोयाबीन काढायच्या दिवसात, जेव्हा वावरात जायला दुसरं काही साधन नसते.

मी दुकानदाराच्या विरोधात लिहून नाही राहिलो. गावाजवळ पार्टचं दुकान आहे म्हणून आपली गाडी चालते, नाहीतर एका क्लच वायरसाठी अकोला-नागपूर करावं लागलं असतं. पण चांगली सर्विस भेटायची असेल तर काही गोष्टी पैसे देण्याआधीच ठरवून घ्याव्या लागतात, नंतर नाही.

मॉडेल सांगता, साल सांगत नाही

ही पहिली चूक. नाव तेच राहते पण आतलं बदलत जाते. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, आणि मधात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेली सिस्टिम कंपल्सरी झाली, त्यामुळं ब्रेकच्या बाजूचे काही पार्टसुद्धा बदलले. म्हणून आरसी बुकावरचा गाडी बनल्याचा महिना आणि साल पाहा (पासिंगची तारीख नाही, कधीकधी गाडी आधीच्या वर्षी बनलेली असते), आणि चेसिस नंबरचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवून द्या. तो १७ अक्षर-आकड्यांचा नंबर शोरूमच्या पार्ट काउंटरवर सांगितला का नेमका पार्ट नंबर निघते, मंग तोच नंबर घेऊन तुम्ही आपल्या नेहमीच्या दुकानात जाऊ शकता.

जुना पार्ट सोबत न्या. हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी कोणी नेत नाही, भाच्याला फोन करून सांगतात “येताना ब्रेक शू घेऊन ये”. बेअरिंग असेल तर त्याच्या कडेवर ६३०१ सारखा नंबर कोरलेला असते, तेवढा फोटो पाठवला तरी काम होते. चेन किट असेल तर जुन्या दोन्ही दातेरी चाकांचे दात मोजून सांगा. हेडलाइटच्या बल्बमध्ये तर लय लोक फसतात, आपल्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ३५/३५ वॅटचा एचएस-१ बल्ब लागते आणि मोठ्या गाडीचा ६०/५५ वॅटचा एच-४ दिसायला जवळपास तसाच, उजेड जास्त पडते म्हणून पोट्टे तोच टाकतात, मंग होल्डर वितळते, वायरिंग तापते, बॅटरी उतरते आणि बॅटरीवाल्याच्या दुकानात भांडण होते.

पिस्टन आधी घेऊन ठेवता

इंजिनचं काम निघालं का काही जण आधी ब्लॉक-पिस्टनच्या दुकानात जाऊन पिस्टन घेऊन येतात आणि मंग लेथवाल्याकडं जातात. उलट करा. बोअर (ब्लॉकमधलं पिस्टन ज्यात चालते ते भोक) किती घासला हे लेथवाला मोजून सांगते, त्यावर ठरते का पिस्टन मूळ मापापेक्षा ०.२५ मिलिमीटर मोठा लागते का ०.५०. तो साइजचा आकडा पिस्टनच्या डोक्यावर छापलेला असते, रिंगही त्याच साइजची पाहिजे, आणि पिस्टन हातात आल्यावरच त्याच्या मापानं बोअर करायला द्यायचा. चुकीच्या साइजचं पाकीट फोडलं तर कोणताच दुकानदार वापस घेणार नाही आणि त्याला दोषही देता येत नाही.

“ओरिजनल द्या” म्हणून गप बसता

काउंटरवर असं विचारा: हा गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला आहे, का दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा, का लोकल? तिन्ही विकणं काही गुन्हा नाही. रोलॉन किंवा डायमंडची चेन, एसकेएफ किंवा एनबीसीची बेअरिंग, एनजीके किंवा बॉशचा प्लग, हे घेतलं तरी गाडी मस्त चालते आणि कधीकधी दोन पैसे वाचतात. गुन्हा तेव्हा होते जेव्हा लोकल माल कंपनीच्या नावाच्या डब्ब्यात घालून कंपनीच्या भावात देतात. पाकीट हातात घेऊन सावकाश पाहा. एमआरपी, बनल्याचा महिना-साल, बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी नंबर, हे सगळं बंद पाकिटावर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. अक्षर पुसट, स्पेलिंग चुकलेलं, होलोग्राम नखानं उचलून निघते, छापलेल्या एमआरपीवर दुसरं जास्त भावाचं स्टिकर चिकटवलेलं, असं काही दिसलं तर ठेवून द्या. आणि एमआरपीत सगळे टॅक्स धरलेले असतात, त्याच्यावर कोणी “प्लस जीएसटी” म्हटलं तर देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, आधी बहुतेक पार्टवर २८ होता, हेही ध्यानात राहू द्या.

ब्रेक शू, चेन किट, ॲक्सलेटर वायर यात मी तर लोकल घ्याच नका म्हणीन. इंडिकेटर, आरसा, फुटरेस्टचं रबर, सीट कव्हर लोकल चालते.

बिल घेत नाही, ही सगळ्यात महाग चूक

“बिल कशाले पाहिजे भाऊ, आपण कुठं पळून चाल्लो, इथंच तं आहो.” हे वाक्य तुम्ही ऐकलंच असंन. बोलणारा माणूस खरंच चांगला असू शकते. पण सहा महिन्यांनी बॅटरी बसली, काउंटरवर दुसरा पोरगा आहे, मालक लग्नाला गेला आहे, तेव्हा तुमच्याजवळ दाखवायला काय आहे? फोन-पेचा स्क्रीनशॉट पैसे दिले एवढंच सांगते, कोणता पार्ट, कोणत्या कंपनीचा, हे त्यात नसते.

बिलावर तारीख, दुकानाचं नाव, पार्टचं नाव, कंपनी आणि गाडीचं मॉडेल-साल लिहून घ्या. मॉडेल-साल लिहून घेतलं ना, तर चुकीचा पार्ट दिला का चुकीचा मागितला हा वादच राहत नाही. बॅटरी असेल तर वॉरंटी कार्डावर तारीख, सिरीयल नंबर आणि शिक्का तिथंच मारून घ्या, “नंतर आणून दे, मारून देतो” याला हो म्हणू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. आणि त्याच कायद्यात असंही आहे का माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो वापस घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा. म्हणजे भिंतीवर “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” अशी पाटी असली तरी सदोष मालाला ती लागू पडत नाही.

पण इथं एक फरक नीट समजून घ्या, आपले बरेच जण यातच चुकतात. पार्ट सदोष असणं वेगळं आणि आपण चुकीचा मागितलेला असणं वेगळं. दुसऱ्या केसमध्ये वापस घेणं ही दुकानदाराची मर्जी, तिथं कायदा सांगून आवाज चढवला तर पुढच्या वेळी तो आपल्याला उभं करणार नाही. आधीच विचारून ठेवा, “नाही बसला तर पाकीट न फोडता किती दिवसांत बदलून देता?” बहुतेक दुकानदार हो म्हणतात.

बसवला आणि त्रास सुरू झाला

दुकानात धावण्याआधी गाडीजवळ बसून पाहा.

नवीन चेन आवाज करते: बहुतेक वेळा चेनच बदललेली असते आणि दातेरी चाकं जुनीच, घासलेल्या दातांवर नवीन चेन बसत नाही, किट पूर्णच बदलावी लागते. नाहीतर चेन लय टाइट केलेली असते, मधात बोटानं उचलली तर साधारण दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. लॉकची क्लिप उलटी लागली का तेही पाहा, तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं फिरते त्या बाजूला पाहिजे. आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल चेनीत वाळला तर कोणतीच कंपनी टिकत नाही, पावसाळ्यात धुऊन ऑइल मारत जा.

नवीन क्लच प्लेट स्लिप होते: ऑइल कोणतं टाकलं? कारचं ऑइल टाकलं असेल तर प्लेटचा दोष नाही. डब्ब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं बाइकचं ऑइल लागते. प्लेट बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवल्या होत्या का तेही मेस्त्रीला विचारा.

नवीन बॅटरी उतरते: गाडी चालू ठेवून थोडी रेस द्या आणि बॅटरीवर मीटर लावा, १४ व्होल्टच्या आसपास दाखवत नसेल तर रेक्टिफायर (बॅटरीकडं चार्जिंग पाठवणारा पार्ट) किंवा कॉइल पाहा. इलेक्ट्रिकलचा पार्ट बसवून पाहिल्यावर दुकानदार वापस घेत नाहीत, कारण शॉर्ट वायरिंगनं चांगला सीडीआयसुद्धा (प्लगच्या ठिणगीचा डब्बा) एका मिनिटात जळते, म्हणून आधी दुसऱ्या चालू गाडीचा पार्ट लावून खात्री करा, मंगच विकत घ्या.

मेस्त्री, उधारी आणि इसार

मेस्त्रीनं पार्ट आणला तर रिकामा डब्बा, बिल आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. “मले ठेवाले पाहिजे” एवढं म्हटलं का पुरते, चांगला मेस्त्री नाराज होत नाही. कापूस विकल्यावर पैसे देऊ म्हणून उधारीवर घेत असाल तर वहीत नुसती रक्कम लिहू देऊ नका, पार्ट आणि कंपनीचं नावही लिहायला लावा, कारण उधारीच्या गिऱ्हाइकाला काय दिलं हे नंतर कोणाला आठवत नाही. पार्ट नागपूरहून मागवायचा असेल आणि इसार दिला असेल तर चिठ्ठीवर पार्ट नंबर, दिलेले पैसे आणि कोणत्या तारखेपर्यंत येणार हे लिहून घ्या, नाही आला तर पैसे वापस हेही. आणि अडचणीचा पार्ट बाजाराच्या दिवशी घेऊच नका, त्या दिवशी काउंटरवर तीन-तीन हात पुढं असतात, नीट पाहायला ना त्याला वेळ ना तुम्हाला.

तरी ऐकत नसेल तर

पहिले मालकाला भेटा, पोराशी वाद घालून काही होत नाही. मंग बिलाचा, पाकिटाचा आणि खराब पार्टचा फोटो टाकून व्हॉट्सअपवर सरळ भाषेत लिहा का काय घेतलं, कधी घेतलं, काय बिघडलं आणि काय पाहिजे, बदलून का पैसे. बरेचदा एवढ्यातच काम होते. पाकिटावरच्या कंपनीच्या नंबरवरही फोन लावा, कंपनीला सांगितलं का दुकानदाराचीही सुटका होते, कारण त्यालाही वरून माल बदलून मिळते. एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येते. त्यानंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागते आणि पार्ट नागपुरातून घेतलेला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच केस टाकता येते.