पहिल्यांदा पोई पेटवताना

पोई मूळची न्यूझीलंडच्या माओरी लोकांची: दोरीला बांधलेला गोळा. ती पेटवून फिरवणं मात्र अलीकडचं. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर अंधार पडता पडता फिरताना दिसते ती हीच. आखाड्यात बनेटी फिरवलेल्यांना ती ओळखीची वाटेल, पण बनेटीची काठी ताठ असते. पोईची साखळी जरा वेग कमी झाला की ढिली पडते आणि कुठेही गुंडाळली जाते.

म्हणून सुरुवात मोज्यांनी. दोन लांब मोज्यांत एकेक टेनिसचा चेंडू घाला. हात सरळ सोडल्यावर चेंडू घोट्याच्या चार बोटं वर राहावा. भिंतीला खांदा करून वीतभर अंतरावर उभं राहा आणि त्या बाजूच्या हाताने फिरवा. चेंडू भिंतीवर आपटला किंवा कानाला लागला, तर चक्र तिरकं झालंय. बहुधा कोपर उचललेलं असतं; ते बरगडीशी ठेवा, मनगटच फिरू द्या. सलग दहा मिनिटं अंगाला न लागता फिरलं, की काडेपेटीचा विचार करा.

खरी पोई केव्हलारच्या (उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या) वातीची, धातूच्या साखळीची आणि फिरत्या कडीची घ्या. नायलॉनच्या दोरीला चिंध्या बांधायचा जुगाड नको: दोरी वितळते आणि पेटता गोळा सुटतो. नवी पोई जड लागते, आधी न पेटवता फिरवा.

कपडे सुती, अंगाबरोबर. ओढणी, झालर, पॉलिएस्टर नको. केस बांधून वर ओलसर सुती रुमाल. सोबतीला एक माणूस ओलसर जाड टॉवेल घेऊन; त्याने मोबाइलवर शूटिंग करायचं नाही, पिऊन तर मुळीच यायचं नाही.

इंधन रॉकेल. पेट्रोल कधीच नाही, त्याची वाफच भडकते. झाकणाच्या डब्यात वात अर्धा मिनिट बुडवा, मग दाबून नीट निथळा. इथेच घाई होते, आणि उरलेलं तेल पहिल्याच फेरीत पेटते थेंब होऊन कपड्यांवर उडतं. डबा बंद करून दहा-पंधरा पावलं लांब ठेवा.

पहिल्यांदा एकच पोई पेटवा, खालच्या कडेकडून. भर्रर्र आवाजाने दचकून हात आपोआप वेग वाढवतो. मुद्दाम सावकाश फिरवा. ज्वाळेकडे पाहू नका, डोळे दिपतात. ओझरता स्पर्श सहसा भाजत नाही, साखळी हाताला गुंडाळली तर भाजतं. तेव्हा ओढू नका, उलट्या दिशेने सोडवा. टॉवेलवाल्याने लगेच पुढे यावं.

दोन-तीन मिनिटांत ज्वाळा बसू लागली की थांबा. तेल संपल्यावरही फिरवत राहिलात तर वातच जळते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, फुंकू नका. वात पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा तेलात नको.

भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, बर्फही नको. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्याला, बोटांना भाजलं असेल तर थेट डॉक्टर.