काठावरून गळ टाकता? फिश फाइंडर घ्यायच्या आधी हे करा
सोनारवाला फिश फाइंडर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारं यंत्र, घेताय? बोट असेल तर जरूर घ्या, पण धरणाच्या काठावरूनच गळ टाकत असाल तर थांबा, कारण साधारण 20 अंशाच्या बीमला (लहरींच्या झोताला) 2 मीटर पाण्यात तळाचा जेमतेम 70 सेंमीचा गोल दिसतो. त्याऐवजी खोली अशी मोजा:

1. तंगुसात जड शिसं सरकतं ओवा, टोकाला मोठा तरंगता फ्लोट बांधा.
2. लांब टाका, शिसं तळाला गेलं की तंगूस ताणा, फ्लोट खाली ओढला जातो.
3. आता फूट-फूट मोजत सोडा, फ्लोट वर दिसला की तीच खोली.

खोली एकदम बदलते तिथे आधी गळ टाका. आणि मे महिन्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या काठाचे फोटो काढून ठेवा, खड्डे, खडक, जुनी झाडं सगळं दिसतं, पावसाळ्यानंतर फार कामाला येतात. फक्त गाळात उतरू नका, पाय रुतला की निघत नाही.