जांघेतल्या उवा: माझा अनुभव

सोलापूरच्या उन्हाळ्यात जांघेत खाज सुटली की सगळे गजकर्णच समजतात. मला मात्र केसांच्या मुळाशी खेकड्यासारखी बारीक ऊ चिकटलेली दिसली, चड्डीवर रक्ताचे काळपट ठिपकेही. त्वचारोगतज्ज्ञांनी १ टक्का परमेथ्रिनचं क्रीम दिलं: लावून १० मिनिटांनी धुवायचं. लिखांतून ६ ते १० दिवसांत पिल्लं निघतात, म्हणून ९-१० दिवसांनी पुन्हा तपासून परत लावलं. बायकोनेही त्याच दिवशी लावलं, नाहीतर एकमेकांकडून पुन्हा लागण होत राहते. चादरी, टॉवेल, कपडे कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले. रॉकेल किंवा ढेकणाचं औषध कृपा करून तिथे लावू नका, कातडी भाजते! या उवा मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतात आणि निरोधाने थांबत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघांच्या एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्याही करून घेतल्या.