टिल्टरोटर ओळखायचं कसं? सुरुवात बोगमाळोपासून करा

गोव्यात दाबोळीच्या आसपास राहणाऱ्यांना नेव्हीच्या हेलिकॉप्टरचा आवाज काही नवीन नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर ऑस्प्रेचा (अमेरिकेचं टिल्टरोटर, म्हणजे पंखाच्या टोकांचे रोटर, ती फिरणारी पाती, वर करून हेलिकॉप्टरसारखं उठतं आणि समोर वळवून विमानासारखं उडतं) व्हिडिओ आला की ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "हे आपल्या हंसावर पण आहे रे". नाहीये (हंसा म्हणजे दाबोळीचा नेव्हीचा हवाई तळ). भारताकडे एकही टिल्टरोटर नाही, अमेरिकेबाहेर ऑस्प्रे घेतलंय ते फक्त जपानने.

ओळखायला एकच प्रश्न विचारायचा, सरळ वर उठताना नक्की वळतंय काय? हा प्रश्न डोक्यात ठेवून बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये एक चक्कर मारा (सोमवारी बंद असतं, बाकी वेळ जायच्या आधी बघून घ्या). तिथे सी हॅरियर हे नेव्हीचं जुनं लढाऊ जेट उभं आहे. त्याच्या कुशीला वाकून बघा, दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी चार नोझल (इंजिनचा झोत बाहेर सोडणारी तोंडं) दिसतील. वळायची ती फक्त हीच, इंजिन जागचं हलत नाही आणि बाहेर कुठे पाती पण नाहीत. म्हणजे हे सरळ उतरू शकणारं जेट, टिल्टरोटर नव्हे. ही विमानं 2016 ला हंसावरच निवृत्त झाली.

आता तिथेच उभे राहून दोन्ही हात बाजूला पसरा, मुठी वळा, अंगठे वर करा. लोक बघतील, बघू दे. हात म्हणजे पंख, अंगठे म्हणजे रोटरचे दांडे. अंगठे वर असताना हेलिकॉप्टर, मग मुठी हळूहळू पुढे वळवून अंगठे समोर आणले की विमान. खांद्यापासून अख्खा हातच फिरवलात तर तो टिल्टविंग, ती वेगळी जात.

एवढा उपद्व्याप कशाला? हेलिकॉप्टर जोरात पुढे जायला लागलं की एका बाजूची पाती वाऱ्यावर चालून जातात आणि दुसऱ्या बाजूची मागे सरकतात, त्या मागे जाणाऱ्या पात्यांना पुरेशी हवा लागत नाही, म्हणून वेगाला मर्यादा येते. टिल्टरोटरमध्ये वेग आल्यावर वजन पंख उचलतो आणि रोटर नुसते ओढायचं काम करतात, त्यामुळे ऑस्प्रे ताशी 500 किमीच्या आसपास जातं. बदल्यात तरंगताना त्रास, कारण रोटरचा वारा खाली जाताना मध्ये पंखच येतो. म्हणून व्हिडिओत उतरताना बघा, पंखाच्या मागच्या पट्ट्या पार खाली लोंबलेल्या दिसतील.

कुठलं ते ओळखायला शेपटी बघा. शेपटीवर दोन उभे पंख असले तर ऑस्प्रे, 'व्ही' सारखी शेपटी म्हणजे बेल कंपनीचं व्हॅलर, टी आकाराची म्हणजे लिओनार्डो कंपनीचं एडब्ल्यू609. ऑस्प्रेत पंखाच्या टोकाचं इंजिनच रोटरसकट वळतं, व्हॅलरमध्ये इंजिन आडवंच राहतं आणि फक्त रोटरचा भाग वळतो. मला व्हॅलरची पद्धत जास्त पटते, कारण उतरताना इंजिनचा गरम झोत खाली जमिनीवर येत नाही. एक इंजिन बंद पडलं तर? ऑस्प्रेत पंखातून एक शाफ्ट आरपार जातो, उरलेलं इंजिन त्यावरून दोन्ही रोटर फिरवतं. गिअरबॉक्सच गेला तर मात्र कठीण. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या याकुशिमाजवळ गिअरबॉक्समधल्या बिघाडानेच ऑस्प्रे पडलं, आठही जण गेले आणि मग अमेरिकेने सगळी ऑस्प्रे काही महिने जमिनीवर ठेवली.

बनावट फोटो पकडायची एक सोपी खूण सांगतो. ऑस्प्रेचा रोटर साधारण 38 फुटांचा, समोर वळवला तर पाती जमिनीला घासतील. म्हणून चाकांवर उभं, पाती पसरलेली आणि रोटर समोर असा फोटो आला की संशय घ्या. जहाजावर घडी घालून ठेवलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पातीच दुमडलेली असतात.

सिव्हिलसाठी म्हणाल तर एडब्ल्यू609, नऊ प्रवासी, आत प्रेशराइज्ड केबिन, पहिलं उड्डाण 2003 चं. समुद्रातल्या तेलाच्या रिगवर माणसं नेणं किंवा दाबोळीहून पेशंट तासाभरात मुंबईला पोचवणं, असल्या कामाला ते चांगलं. पण खालचा वारा बघता हॉस्पिटलच्या गच्चीवर उतरवायचं असेल तर शेजारचे पत्रे आधी नीट बांधून घ्यावे लागतील.