लेमन व्हर्बिनाचा अर्क: काढायचा कसा, वापरायचा कुठे, टाळायचा कुठे

लेमन व्हर्बिनाचं पान बोटांत चुरडलं की लिंबाच्या सालीचा वास येतो, पण सालीचा कडवटपणा आणि रसाचा आंबटपणा दोन्ही नसतात. म्हणून सरबत, आइस्क्रीम, लिक्युअर, साबण, परफ्यूम अशा सगळ्या ठिकाणी तो हवाहवासा वाटतो. गोंधळ होतो तो बाटलीपाशी. 'व्हर्बिना' या नावाने भलत्याच वनस्पतींची तेलं विकली जातात, आणि जे अस्सल तेल आहे ते सुगंधासाठी सौंदर्यप्रसाधनांत घालायला युरोपीय संघात बंदी आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो: स्वयंपाकात पान वापरा, तेल नको. अंगाला लावायच्या वस्तूंत हा वास हवा असेल तर तो दुसऱ्या तेलांतून जुळवा.

झाड ओळखून घ्या

शास्त्रीय नाव अलॉयसिया सिट्रोडोरा. जुन्या पुस्तकांत आणि बाटल्यांवर लिपिया सिट्रिओडोरा किंवा अलॉयसिया ट्रायफायला असंही सापडतं, झाड तेच. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. अठराव्या शतकात युरोपात आलं आणि पार्माच्या मारिया लुइसाच्या नावावरून स्पेनमध्ये 'येर्बा लुइसा' झालं. मोरोक्कोत 'लुइझा' म्हणून त्याची वाळकी पानं चहासारखी उकळतात. फ्रान्समध्ये जेवणानंतर 'व्हर्व्हेन' मागितला तर बहुधा याच पानांचा काढा येतो.

पानं लांबट, टोकदार, हाताला खरखरीत, आणि एका पेरावर तीन-तीन येतात. आपल्याकडच्या नर्सरीत 'वर्बिना' म्हणून जांभळ्या-गुलाबी फुलांचं रोप मिळतं, ते हे नव्हे; त्याला लिंबाचा वास नसतो. विकत घेण्याआधी एक पान चुरडून पाहा, एवढी परीक्षा पुरते. रोप फांदीपासून सहज होतं. त्याला ऊन भरपूर लागतं, पण मुळाशी पाणी साचलेलं खपत नाही, म्हणून पावसाळ्यात कुंडी वळचणीला घ्या.

पानं फुलोरा येण्याच्या सुमारास तोडा. वाळवायची तर सावलीत, हवेशीर जागी, एकावर एक न रचता. उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवलेल्या पानांचा वास उडालेला असतो. नीट वाळवून बंद बरणीत ठेवली तर या पानांचा वास बराच काळ टिकतो.

वास कशाचा आहे

मुख्य घटक सिट्रल. तो एकच पदार्थ नसून जिरॅनियल आणि नेराल या जुळ्या रेणूंचं मिश्रण आहे. अस्सल व्हर्बिना तेलात सिट्रल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं. झाडागणिक आणि हंगामागणिक फरक पडतो. बाकी लिमोनीन, थोडं सिनिओल आणि काही जड, लाकडासारख्या वासाचे घटक. त्यांच्यामुळे हा वास नुसत्या लिंबासारखा उथळ न राहता त्याला हिरवा, किंचित गोड तळ मिळतो.

गवती चहाच्या तेलात सिट्रल साधारण 70 ते 80 टक्के असतं आणि ते कितीतरी स्वस्त पडतं. त्यामुळे भेसळ कशाने होते हे वेगळं सांगायला नको. जुन्या व्यापारात गवती चहाच्या तेलालाच 'इंडियन व्हर्बिना' म्हणत, आणि लिट्सिया क्युबेबा या झुडपाच्या फळांचं तेल फ्रेंच बाजारात 'एक्झॉटिक व्हर्बिना' म्हणून विकलं जातं. 'स्पॅनिश व्हर्बिना' तर एका जातीच्या थाइमपासून निघतं. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि कुठला भाग वापरला हे छापलेलं नसेल तर ती घेऊ नका. व्हर्बिनाची ताजी पानं ऊर्ध्वपातनाला लावली, म्हणजे त्यांची वाफ थंड करून तेल काढलं, तर तेल अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघतं. म्हणून गवती चहाच्या भावात मिळणारं 'व्हर्बिना तेल' व्हर्बिनाचं नसतंच.

सिट्रलचे तीन स्वभाव लक्षात ठेवले की पुढच्या बऱ्याच चुका टळतात. ते वाफेबरोबर उडतं. हवा लागली की खराब होतं. आणि आंबट द्रावणात टिकत नाही: त्याची रचना बदलून शिळा, औषधी वास येतो. लिंबाच्या वासाची बाटलीबंद पेयं जुनी झाली की फिनेलसारखी लागतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

स्वयंपाकासाठी: पाक, दूध, व्होडका

पाकासाठी 500 मिली पाण्यात 500 ग्रॅम साखर विरघळवून एक उकळी आणा. गॅस बंद करा. मग धुऊन कोरडी केलेली 25 ग्रॅम ताजी पानं, म्हणजे मोठी मूठभर, हाताने हलकी चुरडून घाला आणि घट्ट झाकण ठेवा. वाळकी पानं असतील तर 6 ते 7 ग्रॅम. वीस मिनिटांनी चाखा, अर्ध्या तासाच्या आत गाळा. पानं पाकात उकळली तर स्वयंपाकघरभर घमघमाट सुटतो आणि पाकात मात्र वाळल्या गवताची चव उरते. जो वास नाकाला आला तो पाकातूनच गेला. गाळायला दुहेरी मलमल घ्या, कारण पानांची खरखरीत लव साध्या गाळणीतून जाते आणि घशाला टोचते.

हा पाक पातळ असतो, गुलाबजामच्या पाकासारखा टिकत नाही. फ्रीजमध्ये दोन आठवडे, त्यापुढे आंबण्याची शक्यता. सरबत करताना लिंबू ऐनवेळी पिळा. पाकात आधीच लिंबू पिळून ठेवलं तर आठवड्याभरात वास बदललेला जाणवेल.

दुधाच्या पदार्थांत हा वास सगळ्यात छान बसतो, कारण सिट्रल पाण्यापेक्षा स्निग्धांशात चांगलं विरघळतं. अर्धा लिटर दूध किंवा क्रीम उकळीच्या जरा अलीकडे, कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, उतरवून 10 ग्रॅम ताजी पानं घाला, पंधरा मिनिटं झाका, गाळा, पानं पिळू नका. पिळली की हिरवा रंग आणि तुरटपणा उतरतो. या दुधाचं आइस्क्रीम, कस्टर्ड, फिरनी काहीही करा. श्रीखंडात घालायचं असेल तर 100 ग्रॅम साखरेत 4 ग्रॅम वाळकी पानं मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळा, आणि श्रीखंड त्याच दिवशी संपवा, कारण चक्का आंबट असतो. वेलची-केशर मात्र यासोबत नको. वेलचीपुढे हा वास दबून जातो.

व्होडकात अर्क काढायला 400 मिली व्होडकाला 30 ग्रॅम ताजी पानं पुरतात. बरणी काचेची, पानं पूर्ण बुडालेली, जागा अंधारी. चोवीस तासांनी चाखायला सुरुवात करा आणि अठ्ठेचाळीस तासांत गाळा. महिनाभर ठेवला की अर्क चांगला मुरतो ही समजूत इथे लागू नाही. वास पहिल्या दोन दिवसांत उतरतो, पुढे फक्त हरितद्रव्य आणि कडवटपणा. चमकदार हिरवा रंग काही दिवसांनी तपकिरी होणारच. तो खराब झाल्याचं लक्षण नाही. परफ्यूमसाठी मिळणारं डिनेचर्ड अल्कोहोल खाण्याच्या अर्काला चुकूनही वापरू नका, ते विषारी असतं.

ताजी पानं तेलात बुडवून ठेवायची पद्धत टाळा. तेलाखाली हवा नसते, पानांत ओलावा असतो, आणि बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूंना तेच हवं असतं. तेल करायचंच तर कडकडीत वाळलेल्या पानांचं करा.

परदेशात राहून घरगुती पदार्थ विकणाऱ्यांसाठी एक सूचना: अमेरिकेच्या अन्न नियमांत लेमन व्हर्बिनाला स्वादासाठी परवानगी आहे ती फक्त मद्ययुक्त पेयांत. गवती चहाला तसं बंधन नाही.

घरी ऊर्ध्वपातन: तेल नाही, सुगंधी पाणी मिळेल

मोठ्या पातेल्यात मधोमध तिवई, त्यावर रिकामी वाटी. भोवती दीड लिटर पाणी आणि 250 ग्रॅम पानं. वर खोलगट झाकण उलटं ठेवून त्यात बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून वाटीत ठिबकते. पहिलं 150-200 मिली पाणी सगळ्यात सुवासिक असतं, तिथेच थांबा. पुढे शिजलेल्या भाजीचा वास मिसळतो. वर तेलाचा अगदी बारीक तवंग दिसेल, तेवढंच. 250 ग्रॅम पानांतून अर्धा टक्का धरला तरी सव्वा ग्रॅम तेल, आणि या साधनाने त्याच्या निम्मंही हाती लागत नाही. पाणी उकळलेल्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. त्यात परिरक्षक नसतो, त्यामुळे बुरशी दिसण्याआधीच ते खराब झालेलं असू शकतं. प्रेशर कुकरच्या शिट्टीला नळी लावायचे प्रयोग नकोत. पानाने वाट तुंबली तर कुकर फुटतो.

अंगाला लावायचं असेल तर

व्हर्बिना तेलावर बंदी असण्याची कारणं दोन: त्याने त्वचेला ॲलर्जी जडते, आणि ते लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. आंतरराष्ट्रीय सुगंध उद्योगाची संघटना इफ्रा हिनेही ते सुगंधी घटक म्हणून वापरू नये असं ठरवलं आहे. अपवाद फक्त अ‍ॅब्सोल्यूटचा, म्हणजे द्रावकाने काढलेला दाट हिरवट अर्क. त्याची युरोपातली मर्यादा तयार मालात 0.2 टक्के. 100 ग्रॅम लोशनला 0.2 ग्रॅम, हे थेंब मोजून जमत नाही. आधी त्याचं 10 टक्के द्रावण करा आणि त्यातलं 2 ग्रॅम काट्यावर मोजून घाला. हे अ‍ॅब्सोल्यूट खाण्यासाठी नसतं.

तोच वास स्वस्तात आणि कमी जोखमीत जुळवायचा तर 10 ग्रॅमसाठी हे प्रमाण धरा: ऊर्ध्वपातनाने काढलेलं लिंबाचं तेल 4.5 ग्रॅम, लिट्सिया 2.5, पेटिटग्रेन (कडू संत्र्याच्या पानांचं तेल) 2, जिरेनियम 0.6, सीडरवुड 0.3, निलगिरी 0.1. लिंबाचं तेल साल दाबून काढलेलं नको, त्यानेही उन्हात त्वचा भाजते. निलगिरी जास्त झाली की सर्दीच्या मलमाचा वास येतो, म्हणून ती शेवटी घाला. लिट्सिया नसेल तर गवती चहाचं तेल तेवढंच चालेल, वास जरा गवताळ होईल.

हे मिश्रण बॉडी ऑइलमध्ये 2 टक्क्यांहून जास्त नको. तेवढ्याने तयार मालात लिट्सिया 0.5 टक्का होतं. गवती चहाच्या तेलाची त्वचेसाठी सुचवली जाणारी कमाल मात्रा 0.7 टक्के आहे, म्हणजे दोन्ही पर्याय तिच्या आत राहतात. चेहऱ्याला, लहान मुलांना आणि फुटलेल्या त्वचेला हे लावू नका. कोपराच्या आत 48 तासांची चाचणी घ्या, पण ती पार पडली म्हणजे कायमचा परवाना मिळाला असं नाही. सिट्रलची ॲलर्जी अनेकदा महिनोन्‌महिने वापरल्यावर उद्भवते आणि एकदा जडली की जात नाही. युरोपात विकणाऱ्यांनी लेबलवर सिट्रलचं नाव द्यायलाच हवं: अंगावर राहणाऱ्या मालात 0.001 आणि धुऊन टाकायच्या मालात 0.01 टक्क्यावर ते बंधनकारक आहे.

कॉस्टिक सोड्याच्या साबणात हा वास काही आठवड्यांत फिका पडतो, कारण सिट्रलला अल्कलीही मानवत नाही. तयार बेस वितळवून केलेल्या साबणात तो जास्त टिकतो. द्राक्षाच्या वासाच्या मेथिल अँथ्रानिलेट या रसायनाबरोबर सिट्रल आलं तर मिश्रण पिवळं-नारिंगी होतं. खोलीत फवारायच्या अल्कोहोल स्प्रेमध्ये मिश्रण 8 ते 10 टक्के चालेल, फक्त समई-उदबत्ती लावलेल्या खोलीत तो मारू नका.

तेलाचा थेंब पाण्यात घालून प्यायचा का?

नाही, आणि हिशेब साधा आहे. सिट्रलसाठी ठरलेली रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोला 0.5 मिलिग्रॅम. 50 किलोच्या माणसाला 25 मिलिग्रॅम. गवती चहाच्या तेलाचा एक थेंब सुमारे 27 मिलिग्रॅम, त्यात सिट्रल 20 मिलिग्रॅमच्या आसपास. एका थेंबात जवळजवळ दिवस संपला. पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा 7.5 मिलिग्रॅमच, आणि ती अस्सल व्हर्बिना तेलाच्या एका थेंबानेही गाठली जाते. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, तो थेंब तसाच्या तसा घशाला आणि जठराला लागतो. पानांच्या चहात यातलं फार थोडं उतरतं, म्हणून कपभर चहाची काळजी नाही. गरोदरपणात मात्र तेल आणि तीव्र अर्क दोन्ही टाळावेत.

सुगंधी तेलांची साठवण गडद काचेच्या लहान बाटल्यांत, काठोकाठ भरून, फ्रीजमध्ये. थर्माकोल आणि कडक पारदर्शक पॉलिस्टायरीन प्लास्टिक या तेलांत विरघळतं, रबरी ड्रॉपरही फुगतो. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि वर्षाच्या पुढे ती अंगासाठी वापरू नका, हवा लागून बिघडलेलं तेल ॲलर्जी जास्त घडवतं. चुकून तेल त्वचेवर सांडलं तर आधी खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा, मग साबणाने धुवा. मुलाने बाटली तोंडाला लावली असेल तर उलटी करवू नका; बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.