पायपीआयवर पॅकेज: टोकन न ठेवता, टॅग मारून प्रकाशन

पायथनचं पॅकेज पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक पॅकेज-भांडारावर, चढवायला तसं पाहिलं तर दोनच आज्ञा लागतात, एक बांधायची आणि एक चढवायची. अडचण असते ती चढवल्यानंतर. पायपीआयवर एकदा गेलेलं फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही. फाइल काढा, अख्खी आवृत्ती काढा, १.०.० ची तीच फाइल दुसऱ्यांदा घेतली जात नाही. त्यामुळे वर्कफ्लो (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची फाइल) लिहायचा तो हातचं काम वाचवायला कमी आणि चुकीची फाइल वर जाऊ नये म्हणून जास्त.

उदाहरणासाठी 'लाखकोटी' नावाचं एक छोटं पॅकेज धरू: रकमेत लाख-कोटीच्या जागी स्वल्पविराम घालणारं आणि तीच रक्कम मराठीत अक्षरी लिहून देणारं. कोड गिटहबवर, बांधणी आणि प्रकाशन गिटहब ॲक्शन्सवर. खाली फाइलींची आणि पर्यायांची नावं देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

नाव, आवृत्ती आणि पायप्रोजेक्ट

पॅकेजच्या नावात फक्त साधी रोमन अक्षरं, आकडे, टिंब, हायफन आणि अंडरस्कोर चालतात. गंमत अशी की पायथनला स्वतःला देवनागरीचं वावडं नाही. व्हेरिएबलचं नाव मराठीत ठेवता येतं, आणि इंट फंक्शनला '१२३' ही देवनागरी अक्षरं दिली तर ते मुकाट्याने एकशे तेवीस परत देतं. नोंदणी मात्र रोमनमध्येच. लहान-मोठी लिपी आणि हायफन, अंडरस्कोर, टिंब यांतला फरक पायपीआय धरत नाही. 'लाख-कोटी' आणि 'लाख_कोटी' हे तिच्या लेखी एकच नाव. आधीच्या एखाद्या नावाशी फार जुळणारं नावही नाकारलं जातं. म्हणून नाव शोधात दिसलं नाही, म्हणजे ते मोकळं आहे असं धरून चालू नका.

पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या फाइलीत बिल्ड-सिस्टिम खाली हॅचलिंग (पॅकेज बांधणारं साधन) लिहा. सेटअपटूल्सही चालेल, पण साध्या पॅकेजला हॅचलिंगचं लिखाण कमी लागतं. प्रोजेक्ट खाली नाव, आवृत्ती, एका ओळीचं वर्णन, रीडमी, परवाना आणि रिक्वायर्स-पायथन. या शेवटच्या ओळीत फक्त खालची मर्यादा द्या, '३.१० किंवा पुढे' अशी. वरची मर्यादा घातली, तर नव्या पायथनवर पिप (पॅकेज बसवणारं साधन) त्रुटी दाखवून थांबत नाही. मर्यादा नसलेली तुमची एखादी जुनी आवृत्ती शोधून तीच बसवतो, आणि तक्रारी येतात त्या दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या बगच्या.

रीडमीतल्या चित्रांचे पत्ते पूर्ण द्या. रेपोतला सापेक्ष पत्ता गिटहबवर दिसतो, पायपीआयच्या पानावर तुटतो.

डेटा फाइल कुठे हरवते

मराठीत एक ते नव्याण्णव हे आकडे नियम लावून तयार करता येत नाहीत. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न यांची यादीच ठेवावी लागते. ती जेसन फाइलीत ठेवली की दोन खड्डे समोर येतात.

पहिला म्हणजे फाइल व्हीलमध्ये (बसवायला तयार अशा बांधलेल्या पॅकेजमध्ये) न जाणं. हॅचलिंग पॅकेजच्या फोल्डरमधलं सगळं घेतं, पण गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) जे बसतं ते वगळतं. कधीतरी कुणी सगळ्या जेसन फाइली गिटइग्नोरमध्ये टाकलेल्या असतात आणि ही एक फाइल जबरदस्तीने कमिट केलेली असते. रेपोत ती दिसते, चाचण्या पास होतात, व्हीलमध्ये ती नसते. शिवाय बिल्ड हे साधन नुसतं चालवलं तर आधी सोर्स डिस्ट्रिब्यूशन (मूळ कोडचा गठ्ठा) बांधतं आणि मग त्याच्यातून व्हील. पहिल्यातून फाइल सुटली की दुसऱ्यातूनही गेली.

दुसरा एन्कोडिंगचा. फाइल उघडताना यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं नाही, तर लिनक्सवर सगळं सुरळीत चालतं आणि विंडोजवर तिथल्या स्थानिक कोडपेजने वाचायला जाऊन 'बावन्न'चा चिखल होतो, नाहीतर सरळ यूनिकोड त्रुटी येते. गिटहबचा बिल्ड लिनक्सवर होत असल्यामुळे ही चूक तिथे पकडली जात नाही. मराठी मजकूर असलेल्या पॅकेजच्या चाचण्या विंडोजवरही चालवाव्यात, भले महिन्यातून एकदा.

दोन्हीवर उपाय एकच धरा: चाचणी सोर्सवर न करता बांधलेल्या व्हीलवर करा. कोड एसआरसी फोल्डरच्या आत ठेवा, म्हणजे रेपोच्या मुळाशी उभं राहून पायथन चुकून स्थानिक फोल्डरच इम्पोर्ट करणार नाही.

पायपीआयला ओळख करून देणे

पूर्वी एपीआय टोकन (पासवर्डच्या जागी चालणारी गुप्त किल्ली) बनवून गिटहबच्या सिक्रेट्समध्ये चिकटवत. ते वर्षानुवर्षं तिथेच पडून राही. एप्रिल २०२३ पासून पायपीआयवर ट्रस्टेड पब्लिशिंग आहे: वर्कफ्लो चालताना गिटहब एक सही केलेलं ओळखपत्र देतो, पायपीआय ते पडताळते आणि १५ मिनिटं चालणारं टोकन देते. जपून ठेवायचं गुपितच उरत नाही.

खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावलेली हवी. १ जानेवारी २०२४ पासून ती सर्वांना सक्तीची आहे. मग खात्याच्या पब्लिशिंग पानावर 'पेंडिंग पब्लिशर' भरा: पॅकेजचं नाव, गिटहबवरील मालक, रेपोचं नाव, वर्कफ्लो फाइलचं नाव, एन्व्हायर्नमेंटचं नाव. वर्कफ्लोच्या रकान्यात फक्त फाइलचं नाव येतं, फोल्डरचा रस्ता नाही. पेंडिंग पब्लिशर भरल्याने नाव राखून ठेवलं जात नाही. तुमच्या आधी दुसऱ्याने त्या नावाने पॅकेज चढवलं तर तुमची नोंद बाद होते. त्यामुळे फॉर्म भरून महिनाभर बसू नका.

गिटहबच्या सेटिंग्जमध्ये त्याच नावाचं एन्व्हायर्नमेंट बनवा आणि मंजुरी देणारा माणूस नेमा. सार्वजनिक रेपोत ही सोय फुकट आहे. टॅग (कमिटला दिलेलं आवृत्तीचं नाव) चुकून पुश झाला तरी कुणीतरी बटण दाबेपर्यंत पॅकेज जागचं हलत नाही.

वर्कफ्लो: दोन जॉब

फाइल वर्कफ्लोजच्या फोल्डरमध्ये, नाव पब्लिश डॉट वायएमएल. सुरू व्हायची अट: 'व्ही'ने सुरू होणारा टॅग पुश होणे. सगळ्यात वर परमिशन्समध्ये कंटेंट्सला फक्त रीड द्या.

पहिला जॉब बांधणीचा. चेकआउट, पायथन बसवणं, मग बिल्ड आणि ट्वाइन (पॅकेज तपासणारं आणि चढवणारं साधन) बसवणं. बांधण्याआधी टॅगमधला 'व्ही' काढून उरलेला आकडा पायप्रोजेक्टमधल्या आवृत्तीशी ताडून बघणारी एक ओळ घाला आणि जुळलं नाही तर तिथेच थांबवा. आवृत्ती वाढवायला विसरणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे. मग बिल्ड, आणि ट्वाइनची चेक आज्ञा कडक पर्यायासह, म्हणजे रीडमीतला बिघाड इथेच कळतो. त्यानंतर नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये डिस्ट फोल्डरमधलं व्हील बसवून त्यावर चाचण्या. शेवटी डिस्ट फोल्डर पुढच्या जॉबसाठी आर्टिफॅक्ट म्हणून ठेवा. या जॉबमध्ये कॅश (आधीच्या रनमधून साठवलेल्या फाइली) वापरू नका, कारण पुढे येईल.

आवृत्ती गिटच्या टॅगवरून काढणारं साधन वापरत असाल तर चेकआउटमध्ये फेच-डेप्थ शून्य करा. मुळात चेकआउट एकच कमिट आणतं. जुने टॅग न मिळाल्यामुळे आवृत्ती भलतीच निघते, बहुधा अधिक चिन्हापुढे कमिटचा तुकडा लागलेली. अशी स्थानिक आवृत्ती पायपीआय घेत नाही.

दुसरा जॉब प्रकाशनाचा, आणि तो जेवढा लहान तेवढा चांगला. नीड्समध्ये पहिल्या जॉबचं नाव, एन्व्हायर्नमेंटचं नाव, परमिशन्समध्ये आयडी-टोकनला राइट. पायऱ्या दोनच: आर्टिफॅक्ट डिस्टमध्ये उतरवणं आणि पायपीए या पायथनच्या पॅकेजिंग गटाची पायपीआय-पब्लिश ॲक्शन. आर्टिफॅक्ट नाव देऊनच उतरवा. नाव न दिल्यास फाइली उपफोल्डरमध्ये पडू शकतात आणि ॲक्शनला डिस्ट रिकामं दिसतं. रनर (जॉब चालवणारं यंत्र) उबंटूचाच घ्या, कारण ही ॲक्शन डॉकरवर चालते.

जॉब वेगळे करण्याचं कारण असं की ओळखपत्र मागण्याचा अधिकार पूर्ण जॉबला मिळतो. बांधणी त्याच जॉबमध्ये केली तर बिल्डसाठी ओढलेली प्रत्येक लायब्ररी तुमच्या नावाने पॅकेज चढवू शकते. शिवाय अपलोड मध्येच अडकलं तर फक्त दुसरा जॉब पुन्हा चालवता येतो, आणि चढते ती आधी तपासलेलीच फाइल.

डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्रालिटिक्स या पॅकेजवर झालेला हल्ला इथे लक्षात घेण्यासारखा आहे. पुल रिक्वेस्टमधून (बाहेरच्याने सुचवलेल्या बदलातून) शिरून हल्लेखोरांनी ॲक्शन्सची कॅश दूषित केली आणि क्रिप्टो-मायनर असलेली ८.३.४१ ही आवृत्ती प्रकल्पाच्याच वर्कफ्लोमधून बाहेर पडली. ट्रस्टेड पब्लिशिंग तिथे होतं. काही दिवसांनी दुसरी फेरी झाली, ती रद्द न केलेल्या जुन्या एपीआय टोकनच्या जोरावर. तेव्हा नवी व्यवस्था चालू झाली की जुनी टोकनं त्याच दिवशी रद्द करा, आणि बाहेरच्या पुल रिक्वेस्टवर मूळ रेपोच्या अधिकाराने वर्कफ्लो चालवणाऱ्या पुल-रिक्वेस्ट-टार्गेट या ट्रिगरपासून लांब राहा.

ॲक्शन्सची आवृत्ती टॅगने न देता ४० अक्षरी कमिट हॅशने द्या. टॅग हलवता येतो. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या ॲक्शनचे टॅग असेच दूषित कमिटकडे वळवले गेले होते. हॅश अद्ययावत ठेवायला गिटहबचं डिपेंडाबॉट हे साधन आहे.

आधी टेस्टपायपीआय

पहिली फेरी टेस्टपायपीआयवर, म्हणजे पायपीआयच्या सरावाच्या प्रतीवर, करा. तिथलं खातं वेगळं, पब्लिशरची नोंद वेगळी. ॲक्शनला रिपॉझिटरी-यूआरएल तिथला द्यावा लागतो. तिथून बसवून बघताना पिपला 'नो-डेप्स' सांगा. तुमची अवलंबनं (तुमच्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजं) तिथे नसतात किंवा त्याच नावाने कुणीतरी भलतंच ठेवलेलं असतं.

रन लाल झाला तर

'इनव्हॅलिड-पब्लिशर' आलं तर ओळखपत्र बरोबर आहे, पण पायपीआयवरच्या कोणत्याही नोंदीशी जुळत नाही. लॉगमध्ये ओळखपत्रातले तपशील छापलेले असतात. ते फॉर्मशी अक्षर न अक्षर ताडा. बहुतेकदा वायएमएल आणि वायएएमएल या शेपटांचा घोळ असतो, किंवा एन्व्हायर्नमेंट एकीकडे लिहिलं आणि दुसरीकडे राहिलं. रेपोचं नाव बदललं किंवा मालक बदलला तरी हेच दिसतं. प्रकाशन दुसऱ्या रेपोतल्या सामाईक वर्कफ्लोमध्ये ठेवलं असेल, तर ती पायरी स्वतःच्या फाइलीत आणा.

ओळखपत्र मागतानाच रन पडला तर आयडी-टोकनची परवानगी राहिली आहे.

४०० क्रमांकाची 'फाइल आधीच आहे' ही त्रुटी म्हणजे आवृत्ती वाढवलेली नाही. स्किप-एक्झिस्टिंग लावून ती दडपू नका. रन हिरवा दिसेल आणि वर काहीच गेलेलं नसेल. अपवाद एकच: व्हील चढलं आणि सोर्स राहिलं, अशा अर्धवट अपलोडनंतर तो पर्याय कामाचा.

सी-कोड असलेल्या व्हीलच्या फाइलनावात नुसतं 'लिनक्स' असेल तर ते नाकारलं जातं, तिथे मेनीलिनक्स (बहुतेक लिनक्सवर चालणारं) असं चिन्ह लागतं. त्यासाठी सीआयबिल्डव्हील वापरा.

वर्कफ्लो सुरूच झाला नाही? टॅग ज्या कमिटवर मारला त्या कमिटमध्ये ती फाइल आहे का बघा. एका दमात तीनपेक्षा जास्त टॅग पुश केले तर गिटहब इव्हेंटच पाठवत नाही. आणि टॅग दुसऱ्या वर्कफ्लोने गिटहबच्या अंगभूत टोकनने पुश केला असेल, तर त्याने पुढचा वर्कफ्लो सुरू होत नाही.

चुकीची आवृत्ती बाहेर पडली

ती 'यँक' करा आणि लगेच १.०.१ काढा. यँक केलेली आवृत्ती पिप आपणहून निवडत नाही, पण ज्यांनी नेमका १.०.० असा आकडा बांधून ठेवलाय त्यांचं काम चालू राहतं. पूर्ण काढून टाकलं की त्यांचे बिल्ड मोडतात. व्हीलमध्ये पासवर्ड किंवा किल्ली गेली असेल तर फाइल जरूर काढा, पण त्याआधी ती किल्ली रद्द करा: मिररनी (पायपीआयची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरनी) तोवर फाइलची प्रत घेतलेली असते.