संशोधन लेख परत येतोय? सीमाभागातल्या प्राथमिक शिक्षकांनो, या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या प्राथमिक शाळेत संशोधनाचा विषय शोधत फिरावं लागत नाही. एकाच वर्गात घरी मराठी, कन्नड, कोकणी, दखनी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. तरी इथले लेख प्राथमिक शिक्षणाच्या नियतकालिकांकडून परत येतात, आणि कारणं तीच ती असतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे भाषेचा प्रश्न "माध्यम : मराठी" एवढ्या दोन शब्दांत उरकणं. माध्यम ही शाळेची भाषा झाली, मुलाची नव्हे.

असा एक लेख डोळ्यांसमोर आणा. तिसरीचा वर्ग, २४ मुलं, विषय "दोन अंकी संख्यांची स्थानिक किंमत". बाईंनी वीस संख्या तोंडी सांगितल्या, मुलांनी लिहून घेतल्या. त्र्याहत्तर म्हटलं तर काहींनी ३७ लिहिलं. एकोणतीसला कुणी ३९ लिहिलं. निष्कर्ष निघाला की मुलांना स्थानिक किंमत कळलेली नाही. मग सहा आठवडे काड्यांचे गठ्ठे घेऊन शिकवलं, तीच चाचणी पुन्हा घेतली, गुण वाढले, लेख पाठवला. नियतकालिकाच्या वतीनं लेख तपासणाऱ्या परीक्षकानं तीन प्रश्न विचारले. संख्या कोणत्या भाषेत सांगितल्या? कोणत्या मुलाच्या घरी कोणती भाषा? त्याच संख्या गठ्ठे दाखवून विचारल्या होत्या का? लेखात उत्तर नाही. उत्तरपत्रिका बघाव्यात तर त्या वर्षअखेरीला रद्दीत गेल्या. सहा आठवड्यांची मेहनत तिथेच संपली, आता ती कुठल्याही भाषाशुद्धीनं वाचत नाही.

दोष कुठे होता ते नीट बघा. त्र्याहत्तर म्हणताना आधी तीन कानावर पडतात, मग सत्तर. कन्नडमध्ये एप्पत्तमूरु, म्हणजे आधी सत्तर, मग तीन, अगदी लिहितो त्याच क्रमानं. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं, इप्पत्तोंबत्तुमध्ये सरळ वीस आणि नऊ. त्यामुळे ऐकून ३७ लिहिणारं मूल सात गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या बघून ७३ बरोबर लिहू शकतं. त्याची अडचण संख्यानामात आहे, स्थानिक किमतीत नाही. शिवाय गुण वाढले ते गठ्ठ्यांमुळे, की त्याच वीस संख्या दोनदा विचारल्यामुळे, हे या मांडणीतून कधीच सांगता येणार नाही.

माझी पद्धत अशी : दहाच संख्या घ्या, पण तीन प्रकारे विचारा. मराठीत ऐकून लिही, कन्नडमध्ये ऐकून लिही, गठ्ठे-सुटे पाहून लिही. तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी क्रम बदलून. प्रत्येक मुलापुढे तीन रकाने ठेवा : घरी आईशी कोणती भाषा, अंगणवाडीत कोणती भाषा कानावर पडली, कन्नड कधीपासून शिकतंय. प्रवेश नोंदवहीतली मातृभाषा उतरवून घेऊ नका, ती माध्यम बघून भरलेली असू शकते. पालकांना विचारा. चुकलेली उत्तरंही एकाच पोत्यात भरू नका. अंक उलटे, दशक चुकलं, कोरं सोडलं, इतर, असे चार गट करा. २४ मुलांची दहा संख्यांची तिन्ही प्रकारची उत्तरं ७२० होतात. त्यांतली १४४, म्हणजे वीस टक्के, दुसऱ्या शिक्षकाकडून तुमचे गट न दाखवता पुन्हा लावून घ्या आणि किती ठिकाणी एकमत झालं ते लेखात लिहा. एका दुपारचं काम आहे. हे टाळून लेख लवकर पाठवण्यात काहीच हशील नाही.

दुसरी चूक इथल्याच मातीतली आहे. आपण वाचतो महाराष्ट्रातलं, शिकवतो कर्नाटकात. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन आणलं. त्याचा दाखला देऊन निपाणीच्या मुलांच्या चुका समजावल्या, तर पाया चुकला, कारण इथल्या मराठी शाळेत कर्नाटक पाठ्यपुस्तक संघानं छापलेलं मराठी पुस्तक असतं. चर्चेत तो दाखला जरूर घ्या, पण "शेजारच्या राज्यातला बदल" म्हणून. तसंच "केंद्रप्रमुख", "जिल्हा परिषद शाळा" हे शब्द सवयीनं लिहू नका. इथे सीआरपी (शाळासमूहाचा साधनव्यक्ती) असतो, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) असतो, एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) असते. हे शब्द पहिल्यांदा येतील तिथे एकेका वाक्यात फोड करा.

नली-कलीचंही तेच. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली ही पद्धत पुढे राज्यभर गेली. तिच्यात पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसतात, शिडीवरच्या कार्डांप्रमाणे आपापल्या वेगानं पुढे जातात आणि गट कामानुसार बदलतात. दिल्ली-पुण्याच्या परीक्षकाला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका. तुमचा वर्ग नली-कलीचा असेल तर "इयत्ता तिसरी" एवढं लिहून चित्र उभं राहत नाही. आणि माहिती २०२२-२३ ची असेल तर त्या वर्षी राज्यभर कलिका चेतरिके या मागे पडलेला अभ्यास भरून काढण्याच्या कार्यक्रमाच्या कृतिपत्रिका चालू होत्या, हे लिहायलाच हवं. नाहीतर सगळी सुधारणा तुमच्या प्रयोगाच्या नावावर जमा होते, आणि ते खोटं आहे.

आकड्यांबद्दल थोडक्यात. नऊपैकी सहा मुलांना "६६.६७ टक्के" म्हणू नका, "९ पैकी ६" लिहा. त्याच मुलांची आधीची आणि नंतरची चाचणी असेल तर जोडीची टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारं गणित) लागते, दोन स्वतंत्र गटांची नाही. संगणकानं पी ची किंमत, म्हणजे निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.००० दाखवली तर ती तशीच उतरवू नका, "०.००१ पेक्षा कमी" लिहा. सुरुवातीला ३० मुलं होती आणि शेवटी २२ उरली, तर आठ कुठे गेली ते सांगा : खानापूरच्या पावसात शाळा बुडाली, की ऊसतोडीला आईबापांबरोबर गेली. गेलेली मुलं बहुधा तीच असतात ज्यांच्याबद्दल आपण लिहायला हवं.

परवानगी आधी, चाचणी नंतर. बीईओंची लेखी परवानगी, पालकांची सही त्यांना वाचता येईल अशा भाषेतल्या कागदावर, आणि मुलाचा स्वतःचा होकार. शाळेचं नाव "शाळा अ" केलं आणि परिशिष्टात ११ अंकी यूडायस कोड, म्हणजे शाळेचा सरकारी ओळखक्रमांक, ठेवला, तर लपवलं काय? "अमुक जंगलाकाठच्या गावातली एकमेव मराठी शाळा" हे वर्णनही नावासारखंच आहे. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो नकोत.

आता टंकाबद्दल, कारण इथे घाई फार नडते. मराठी श्रीलिपीत, कन्नड उदाहरणं नुडीत, अशा जुन्या टंकांत टाइप केली, की संपादकाकडे नुसती चिन्हं उघडतात. पहिल्या ओळीपासून युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट उघडणारी टंकपद्धत, वापरा. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढला असेल तर "दुसऱ्या"चं "दुसर्या" झालंय का ते बघा. एका फटक्यात सगळे "र्या" बदलायचा मोह होतो, तो आवरा. आचार्यांनी म्हणजे गुरुजनांनी, आचाऱ्यांनी म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांनी. मध्यान्ह भोजनावरच्या लेखात दोघंही येऊ शकतात. एकेक शब्द शोधून हातानं बदला, वीस पानांना तासभर लागतो.

इंग्रजी नियतकालिकाला पाठवताना मराठी लेख मोबाईलच्या भाषांतर ॲपमधून काढून तसाच पाठवू नका. मुलांची मूळ उत्तरं मराठी-कन्नडमध्ये ठेवा, खाली भाषांतर द्या. सारांश शेवटी लिहा, दीडशे ते अडीचशे शब्दांत, त्यात मुलांची संख्या आणि मुख्य निष्कर्ष आकड्यासह हवा. एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी.

"चोवीस तासांत प्रकाशन, आयएसएसएन सहित" अशा व्हॉट्सॲप जाहिरातींना पैसे भरू नका. आयएसएसएन हा नियतकालिकाचा फक्त आठ आकड्यांचा ओळखक्रमांक असतो, दर्जाचा शिक्का नव्हे. युजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, तेव्हा "केअर लिस्टेड" एवढ्या शब्दावर विसंबू नका. मागचे दोन अंक उघडून वाचा, संपादक मंडळातली माणसं खरोखर प्राथमिक शिक्षणात काम करतात का ते बघा.

आणि परीक्षकांचे शेरे आले की रागानं लेख दुसरीकडे पाठवू नका. दोन रकान्यांचा तक्ता करा : डावीकडे त्यांचा शेरा जसाच्या तसा, उजवीकडे तुम्ही काय बदललं आणि कोणत्या पानावर. जे पटलं नाही तिथे का पटलं नाही ते उत्तरपत्रिकेचा दाखला देऊन लिहा. त्यासाठी त्या उत्तरपत्रिका घरात कुठेतरी बांधून ठेवलेल्या असाव्या लागतात, निदान लेख छापून येईपर्यंत.